फ्रीबीएसडीच्या आत विंडोज बसवलं, माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या गावी मामांचं कृषी केंद्र आहे. बिलाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते, पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी विंडोजऐवजी फ्रीबीएसडी ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकलेली अन् ती काढायची माझी बिलकुल तयारी नव्हती, कारण आमच्याकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही आणि झेडएफएस ही तिची फाईल सिस्टीम जुन्या डेटावर न लिहिता नवीन जागी लिहिते, त्यामुळे मधातच लाईन गेली तरी आजपर्यंत एकही फाईल खराब झाली नाही. म्हणून विंडोज तिच्या आतमधेच व्हर्च्युअल मशीनमधे, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या आभासी कॉम्प्युटरवर, चालवायचं ठरवलं.

२०२४ चा जून, मृग लागलेला, सरकीच्या बॅगांसाठी दुकानात गर्दी. आधी व्हर्च्युअलबॉक्स हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर पाहिलं. मी नुकताच फ्रीबीएसडी १४.० वरून १४.१ वर गेलो होतो अन् पॅकेज १४.० साठी बनलेलं, त्याचं कर्नल मॉड्यूल (सिस्टीमच्या गाभ्यात बसणारा भाग) लोड केलं की मशीन कोलमडून रिबूट. पोर्ट्समधून, म्हणजे सोर्स कोडवरून, स्वतः कंपाईल केलं तर जमते, पण दर अपग्रेडला तेच करत बसायचं, म्हणून सोडलं.

व्हर्च्युअल मशीन चालवायला फ्रीबीएसडीचं स्वतःचं बीहाइव्ह आहे, १०.० पासून सिस्टीमसोबतच येते. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आय फाईव्ह, म्हणजे चालणार होतं, फक्त बायोसमधे व्हीटी (प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) बंद होतं ते चालू केलं. मग व्हीएम-बीहाइव्ह (बीहाइव्ह वापरणं सोपं करणारं) अन् यूईएफआय फर्मवेअर (आतलं मशीन बूट करणारं) ही दोन पॅकेजेस टाकली. डिस्क व्हर्टआयओ, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच्या खास प्रकारची, दिली तर विंडोज १० च्या इन्स्टॉलरला ती दिसतच नाही, ड्रायव्हर वेगळा द्यावा लागते, म्हणून सरळ एएचसीआय, म्हणजे साध्या साटा डिस्कसारखी, ठेवली. इन्स्टॉल झालं व्हीएनसीमधून, म्हणजे आतल्या मशीनचा स्क्रीन नेटवर्कवरून पाहून.

खरा वेळ गेला नेटवर. दुकानात नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, मी वायफाय कार्ड ब्रिजमधे टाकून, म्हणजे आतलं मशीन थेट त्याच नेटवर्कला जोडायला, दोन दिवस डोकं लावलं, विंडोजला आयपीच मिळेना. वायफायवर हे होतच नाही, कारण हॉटस्पॉट त्याला जोडलेल्या एकाच मॅक ॲड्रेसची (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाची) पॅकेट घेते, आतल्या मशीनचा वेगळा ॲड्रेस आला की सोडून देते. मग व्हर्च्युअल स्विचला १०.०.०.१ दिला, पीएफ या फायरवॉलमधे नॅटची एक ओळ (आतल्या मशीनची पॅकेट फ्रीबीएसडीच्याच ॲड्रेसने बाहेर जातात), गेटवे चालू, अन् विंडोजमधे आयपी हाताने भरला. लगेच चाललं. वायफायवाल्यांनी ब्रिजच्या नादी लागूच नये.

मामा रोज विचारत, "काऊन रे, बिल निघते का नाई आज?" पहिलं बिल निघालं तर त्यावर वेळ साडेपाच तास मागची. विंडोज मशीनचं घड्याळ लोकल वेळेचं समजते अन् बीहाइव्ह त्याला यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ, देत होतं. कॉन्फिगमधे यूटीसी टाइम नो केलं, मिटलं. खताच्या बिलावर तारीख-वेळ चुकून चालत नाही.

राहिला प्रिंटर. बीहाइव्हमधे एकटं यूएसबी डिव्हाइस आत देता येत नाही, यूएसबी पोर्टांचं अख्खं पीसीआय कार्ड द्यावं लागते. म्हणून प्रिंटर फ्रीबीएसडीलाच जोडला, कप्स या प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरमधून शेअर केला अन् विंडोजमधे नेटवर्क प्रिंटर म्हणून १०.०.०.१ चा पत्ता टाकला.

आता रात्री दुकान बंद करताना विंडोज शटडाऊन करतो अन् झेडएफएसचा एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची नोंद, नंतर तिथे परत जाता येते) घेतो, दोन सेकंद लागतात. परवा भर गर्दीत लाईन गेली, परत आल्यावर विंडोज उघडलं अन् मामांनी आधी केलेली सगळी बिलं मोजून पाहिली, एकही कमी नव्हतं.