डॉकचा सातबारा

फेब्रुवारी-मार्चात माझ्या टेबलावर द्राक्षाचा वास येतो. द्राक्षं नसतात, पावत्या असतात. ओझर, पिंपळगाव, मोहाडी इकडचे बागायतदार प्लॅस्टिकच्या पिशवीतून वर्षभराचं औषध-खत-मजुरी आणून समोर ओततात आणि म्हणतात, "ताई, बघा बरं काय उरतंय." मी ते तक्त्यात भरत बसते. इंदिरानगरच्या फ्लॅटमधली मागची खोली, तिथे हा कारभार चालतो.

लॅपटॉप जुना. पडदा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्यांचा; रुंदीला ऐसपैस आणि उंचीला वाड्यातल्या माळ्यासारखा, मान वाकवूनच आत शिरायचं. मशीन फारच धापा टाकायला लागलं तेव्हा भाच्याने त्यावर लिनक्स मिंट नावाची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली, एक्सएफसीई डेस्कटॉपवाली, हलकी. जाता जाता "मावशी, हे बघ भारी" म्हणून एक डॉकही लावून गेला. त्याचं नाव इथे नको. खालच्या कडेला चिन्हांची रांग; माउस जवळ नेला की एकेक चिन्ह पुरीसारखं टम्म फुगायचं. दोन दिवस मी उगाचच माउस फिरवत बसले, कबूल करते.

तिसऱ्या दिवशी एक बागायतदार समोर बसलेले. जानेवारीचा खर्च पाहून झाला, फेब्रुवारीचा काढायचा होता. तक्त्याच्या पानांचे टॅब असतात अगदी खाली, तळाला चिकटून. आणि नेमका त्यांच्यावर हा डॉक पथारी टाकून. मी 'फेब्रुवारी'वर नेम धरून क्लिक केलं, तेवढ्यात खालचं चिन्ह फुगून मधे आलं आणि खोलीत मोठ्या आवाजात ढोलकी सुरू झाली. आवाज बंद करायचं बटण कुठे, तर तेही त्याच कडेला. बागायतदार शांतपणे म्हणाले, "ताई, हिशेब लागला का गाणं लागलं?"

ते गेल्यावर अण्णांना सगळं दाखवलं. माझे वडील भूमी अभिलेखातून निवृत्त झालेत. जमिनीच्या मोजणीत आयुष्य गेलं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही भांडणात ते आधी हद्द बघतात. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडद्याच्या तळाकडे पाहिलं. "अगं, हा तर बांध कोरतोय."

अगदी बरोबर शब्द. डॉक ही मुळात चांगली कल्पना आहे. १९८९ च्या नेक्स्टस्टेपमध्ये तो उजव्या कडेला उभा असायचा. २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आलं आणि तो तळाशी आडवा होऊन जगभर माहीत झाला. रोजची पाच-सात कामं हाताशी असावीत, एवढाच त्याचा उद्देश. तक्रार डॉकबद्दल नाहीच. तक्रार अशी की तो दुसऱ्याच्या वावरात उभा राहतो.

मग मी दुसरा डॉक शोधायला लागले आणि लक्षात आलं की बहुतेक जण या भांडणावर एकच तोडगा देतात: लपा. प्लँक नावाचा साधासुधा डॉक उतरवला. त्यावर कंट्रोल दाबून उजवं क्लिक केलं की सेटिंग उघडतं, आणि तिथे लपण्याचेच किती प्रकार! ऑटो हाइड म्हणजे कायम दडलेला. माउस कडेला टेकवला की स्वयंपाकघराच्या दारातून डोकावणाऱ्या पाहुण्यासारखा बाहेर. माझं तर सगळं कामच कडेला, त्यामुळे हा दर मिनिटाला डोकावणार. विंडो डॉजची तऱ्हा मात्र मला पाहताक्षणी ओळखीची वाटली. कुठलीही खिडकी अंगावर आली की हा गायब, खिडकी हटली की जागेवर हजर. मेन रोडला अतिक्रमणची गाडी वळणावर दिसते तेव्हा चादरीची चारही टोकं एका मुठीत धरून विक्रेते जसे बोळात शिरतात, तसं. गाडी पुढे गेली की चादर पुन्हा तिथेच, मोजे-रुमालही त्याच क्रमाने. इंटेलिजंट हाइड जरा समजूतदार. ज्या प्रोग्रॅममध्ये काम चाललंय त्याची खिडकी आडवी आली तरच आत जातो. पण हे सगळं पळापळीचंच. मला न पळणारा आणि न कोरणाराही हवा होता.

आणि तो लपण्याच्या यादीत नव्हताच. लपणं बंद करायचं, बस्स. प्लँकमध्ये लपणं बंद केलं की तो एक वेगळीच गोष्ट करतो: आपल्यापुरती जागा रीतसर नावावर करून घेतो. याला तिकडे स्ट्रट म्हणतात. सुतारकामात दोन लाकडं एकमेकांपासून दूर धरून ठेवणारा टेकू असतो, तोच हा शब्द. डॉक स्वतःच्या खिडकीवर बारा आकडे लिहून ठेवतो. पहिले चार, डाव्या, उजव्या, वरच्या, खालच्या कडेला किती पिक्सेल जागा घेतली. उरलेले आठ, त्या प्रत्येक कडेवर ती कुठून सुरू होते आणि कुठे संपते. विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्रॅम, हे आकडे वाचतो आणि बाकीच्या खिडक्या मोठ्या करताना तेवढी पट्टी सोडून देतो. वेलँड ही लिनक्सवर खिडक्या दाखवायची नवी पद्धत, तिच्या जगात हीच सोय वेगळ्या नावाने आहे, पण नोंद ही नोंदच.

मी उत्साहाने अण्णांना म्हटलं, "बघा, डॉकचा सातबारा! चतुःसीमेसकट!"

"चतुःसीमा सातबाऱ्यावर नसते," अण्णा म्हणाले. "ती खरेदीखतात असते."

नाशिककराला याहून सोपं सांगायचं तर ही पूररेषा आहे. पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं की सराफ बाजारात आवराआवर सुरू होते, हे इथे लहान मुलालाही ठाऊक. २००८ च्या सप्टेंबरचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना निळी रेषा, लाल रेषा समजावून सांगावी लागत नाही. निळीच्या आत बांधायचं नाही. स्ट्रटच्या आत खिडकी पसरायची नाही. आता कुणी हाताने ओढून नेलीच तर खिडकी त्या पट्टीत घुसते, ती अडवायला कुणी येत नाही. नदीकाठाबद्दल मी काही बोलत नाही.

जागा नावावर झाली, पण चुकीच्या कडेला. ७६८ मधले ६४ पिक्सेल तळाशी दिले म्हणजे पडद्याचा बारावा हिस्सा गेला, माझ्या तक्त्याच्या तीन-चार ओळी. तीन ओळींत एका फवारणीचा खर्च बसतो. तेच ६४ डावीकडे दिले तर १३६६ मधून जातात, विसावा हिस्साही नाही. अण्णांनी कागदावर भागाकार करून पाहिला, सवय. "रुंद तोंडाच्या जमिनीतून वाट द्यावी," म्हणाले.

डॉक डाव्या कडेला उभा केला. चिन्हं उतरवत उतरवत सातांवर आणली. गाण्यांचं पहिल्यांदा काढलं. फुगणं बंद. आता तक्ता पूर्ण पसरला तरी त्याची डावी कड डॉकला टेकून थांबते, 'फेब्रुवारी' तळाशी उघडा पडून असतो, आणि तरीही त्यावर क्लिक करताना माझा हात अजून क्षणभर दबकतो.

खऱ्या टेबलाची डावी कड मात्र अण्णांच्या चष्म्याच्या डबीची आहे. पावत्यांचा ढीग कितीही पसरला तरी तिथवर जात नाही. ती नोंद कुठल्याच कागदावर नाही, आणि काल मी चुकून तिथे चहाचा कप ठेवला तर त्यांनी एक शब्द न बोलता तो उचलून माझ्या हद्दीत ठेवला.