ना हुशार, ना ढ

सिम्हाथ तोरा म्हणजे तोराचं (आमच्या धर्मग्रंथाचं) वर्षभराचं वाचन पुरं झाल्याचा सण. त्याची रात्र म्हणजे आम्हा मुंबईच्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू) पोरांची वर्षातली मोकाट रात्र. मांडवीच्या शाआर हारहमीमपासून (१७९६ सालचं, शहरातलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ) निघायचं आणि भायखळ्यापर्यंत चालत, वाटेत जे सिनेगॉग लागेल तिथे नाचून घ्यायचं. हेखाल (पवित्र कपाट) उघडलं की सगळे सेफर तोरा, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळ्या, बाहेर, आणि तेबाभोवती (वाचनाच्या चौथऱ्याभोवती) सात फेऱ्या सुरू. वरच्या सज्जातून बायका खाऊच्या गोळ्या उधळायच्या. खाली सेफर उराशी धरलेल्या काकांना टकलावर त्यांचा मार बसायचा, आणि हात मोकळे नसल्यामुळे त्यांना डोकंही चोळता यायचं नाही.

आमच्या सिनेगॉगचे काही सेफर मात्र नाचण्यापुरतेच उरले होते. दमट हवेने शाईचे पोपडे सुटलेले. तोरात ३,०४,८०५ अक्षरं; त्यातलं एक तुटलं तरी सेफर पासूल, म्हणजे वाचनाला बाद. अखेर वर्गणी निघाली आणि एका वर्षी इस्राएलहून सोफेर, म्हणजे सेफर लिहिणारा-दुरुस्त करणारा लेखनिक, आला.

सभागृहातल्या लांब टेबलावर त्याने कातड्याची गुंडाळी उलगडली. बोरू, चाकू, जनावराच्या स्नायूंचा दोरा. शाईत मायफळ, डिंक, हिराकस. मायफळ म्हटल्यावर आजी खूश: "बाळगुटीत उगाळतो तेच की!" देवाच्या नावात चूक निघाली तर खरवडायची नाही, अख्खं पान बदलून जुनं पुरायचं, हेही तेव्हाच कळलं.

एका जागी तो अडला. वाव या हिब्रू अक्षराचा पाय झिजलेला. वाव म्हणावा की आखूड पायाचा योद? अशा वेळी लहान पोराला विचारायचं, असा शास्त्राचा नियम. पोराला अक्षरओळख हवी, पण ते फार हुशार नको, कारण हुशार पोर मागचंपुढचं वाचून अंदाज बांधतं. अगदीच ढही चालत नाही. हजानने (प्रार्थना चालवणाऱ्याने) हे मराठीत सांगितलं आणि सगळ्या आया एकदम छताकडे बघायला लागल्या. आपलं पोर मध्यम आहे हे चारचौघांत कोण कबूल करणार? शेवटी आमच्या आईने धाकट्याला पुढे ढकललं. त्याने नाक खाजवत पाहिलं आणि म्हणाला, "योद." सोफेरने बोरूने पाय खाली ओढला. भाऊ पुढे इंजिनिअर झाला, पण घरात अजून त्याची ओळख 'शास्त्राने ठरवलेला मध्यम' हीच.

सणाला लिहिणं वर्ज्य, म्हणून सेफरची शेवटची अक्षरं सणांच्या आधीच्या एलूल महिन्यातल्या एका रविवारी भरली. त्यांच्या नुसत्या कडा आखून ठेवल्या होत्या. एकेका कुटुंबाने बोरूला हात लावायचा, अक्षर सोफेरने भरायचं. तोरातलं अगदी शेवटचं अक्षर लामेद. ते कोणाच्या वाट्याला, यावर मंडळाच्या बैठकीत जे भांडण पेटलं ते मिटेना, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. इस्राएलमधल्या लोदहून मावशीचा फोन: "आमच्या नावाचं भरलंत ना? मग जरा ठळक भरायला सांगा."