चिंचोके लावून पोकर

काल रात्री इंदूरला रामबागेत मावशीकडे भाच्याने आम्हाला पोकर शिकवलं. पैसे अजिबात नाहीत, प्रत्येकाला पन्नास चिंचोके.

दिवाळीत तीन पत्ती खेळतच मोठा झालोय, तरी पहिल्याच डावात अडलो. माझी सीक्वेन्स लागली, म्हणजे ओळीने पाच पत्ते; भाऊजींचे पाचही पत्ते बदाम, म्हणजे कलर. मी चिंचोके ओढायला हात पुढे केला, तर भाचा म्हणाला, "मामा, इथे कलर मोठा!" मग कागद घेऊन मोजायलाच बसलो. तीन पत्त्यांत साधी सीक्वेन्स ७२० तऱ्हांनी लागते, कलर १०९६. पाच पत्त्यांत उलटं: सीक्वेन्स १०,२००, कलर ५१०८. जे दुर्मीळ, ते वरचढ. किती वर्षं खेळतोय, हा हिशोब कधी डोक्यातच आला नव्हता! फार आनंद झाला.

बाकी सोपं आहे. हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच: आधी तीन, मग एक, मग एक. या सातांतले पाच धरून आपला डाव. बोली चार वेळा. 'ब्लाइंड' म्हणजे मात्र न बघता खेळणं नव्हे. वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते यायच्या आधी टाकायचे चिंचोके.

मला मावशीचा खेळ सगळ्यात आवडला. हातात अठ्ठ्यांची जोडी, समोरून भाऊजींनी एकदम वीस चिंचोके वाढवले. तिने चष्मा वर सरकवून मधले पत्ते नीट पाहिले, त्यात राजा होता, आणि जोडी शांतपणे पालथी टाकली. भाऊजींकडे खरंच दुसरा राजा निघाला.

रविवारी पुन्हा बसतोय. चिंचोके मावशीने बरणीत भरून ठेवलेत.