तुम्ही विचारलंत म्हणून: दारू मापात घेतली तर कॅन्सर होतो का?

"रोज एकच पेग. लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग काय होतंय?" सांगलीत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो, की आता लिहूनच ठेवते.

लिव्हरचे रिपोर्ट कॅन्सरबद्दल काही सांगत नाहीत. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन, एवढ्या ठिकाणच्या कॅन्सरशी दारूचा संबंध सिद्ध झालाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ सालीच तिला तंबाखूच्या गटात घातलं. तो गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. एक पेग म्हणजे सिगारेटचं पाकीट, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

आता माप. अमेरिकी तक्त्यातलं 'एक ड्रिंक' म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल. आपला ६० मिलीचा, ४२.८ टक्क्यांचा पेग २० ग्रॅमचा. आठ टक्क्यांची ६५० मिली स्ट्राँग बिअर ४१ ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ तीन ड्रिंक, आणि तिला लोक 'बिअरच तर आहे' म्हणतात! हिशोब सोपा आहे: मिली गुणिले टक्के, भागिले शंभर, मग गुणिले ०.७९. घरी अंदाजानं ओतलेला पेग एकदा मापानं मोजून बघा. सोडा घालून ग्रॅम कमी होत नाहीत.

"वाइन तर द्राक्षाची." शरीरात दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते डीएनएला इजा करतं. ती दारू द्राक्षाची की मळीची, याचा पेशीला फरक पडत नाही. तासगावची द्राक्षं खा, बेदाणे खा.

अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य-सल्लागारांनी, २०२५ मध्ये दिलेले आकडे असे: आठवड्याला एका ड्रिंकपेक्षा कमी घेणाऱ्या शंभर बायकांपैकी १७ जणींना आयुष्यात दारूशी निगडित कॅन्सर होतो. रोज एक घेणाऱ्यांत १९, रोज दोन घेणाऱ्यांत २२. दोनच वाढल्या? हो, दोनच. तेवढा धोका पत्करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. फक्त तो शून्य आहे असं माझ्याकडून वदवून घेऊ नका. सोबत तंबाखू-चुना किंवा मिश्री असेल तर तोंडाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेनं नाही, त्याहून जास्त वाढतो.

सोडल्यावर तोंडाचा आणि अन्ननलिकेचा धोका हळूहळू उतरतो, याला भक्कम पुरावा आहे. स्तनाच्या कॅन्सरबाबत तो अजून तितका भक्कम नाही. आणि रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद करू नये. हात थरथरतात, फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना भेटा.