जामीन झाला, पण दादा आतच

जामीन मंजूर म्हणजे माणूस सुटला, असंच आमच्या घरात सगळ्यांना वाटलं होतं. आदेश हातात आल्यावर आकडा दिसला. 50 हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. आम्ही बीडकडचे. दादा पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर. तिथे ओळखीचा म्हणावा तर त्याचा मुकादम, आणि पोलिसांचं नाव निघाल्यापासून तो फोनच उचलेना.

कोर्टाच्या गेटबाहेर एकजण चिकटला. "ताई, जामीनदार देतो, रेशनकार्डासकट." भाड्याचा जामीनदार! कागद खोटे निघाले तर दादामागे आणखी एक लचांड, आणि पैसे तरी कुठले द्यायचे?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, हे दादाला आतल्याच एका कैद्याने सांगितलं. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नसते. आम्हाला मिळालेल्या वकीलबाई वयाने लहान, पण कागदांच्या बाबतीत भलत्या हट्टी. "गरीब आहोत असं नुसतं म्हणू नका, दाखवा." मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, पिवळं रेशनकार्ड, आईचं पासबुक, मामाच्या शेताचा 7/12 असं सगळं गोळा केलं. 7/12 वर सोसायटीचा बोजा होता, त्याची मला धास्ती. बाई म्हणाल्या, असू दे, लपवायचं काही नाही.

अर्ज सत्र न्यायालयात केला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 484 खाली. रक्कम अवाजवी नसावी, असं हे कलम सांगतं. मॅजिस्ट्रेटने मागितलेला जामीन सत्र न्यायालय कमी करू शकतं. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 440 होतं.) सोबत 1978 चा मोतीराम खटल्याचा निकाल जोडला. मध्य प्रदेशातल्या त्या गवंड्याकडे 10 हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदार म्हणूनही नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. मी तो निकाल बाईंकडून दोनदा समजून घेतला. आमचंच प्रकरण वाटत होतं.

जामीन होऊन महिना उलटून गेला होता. महिन्याभरात हमीचं बंधपत्र भरता आलं नाही, तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय. बाईंनी तेही मांडलं. सरकारी वकील एवढंच म्हणाले की आरोपी परजिल्ह्यातला, पळून जाईल. न्यायाधीशांनी दाखला आणि पासबुक उलटसुलट पाहिलं.

रक्कम 15 हजारांवर आली, जामीनदार राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यातला चालेल असं ठरलं, आणि तो आणेपर्यंत रोख भरून सुटायची मुभा मिळाली. रोख भरलीत तर पावती जपा, पैसे परत घेताना तीच लागते. मामा नंतर येऊन जामीनदार राहिले.

दर सोमवारी पुण्यात पोलीस ठाण्यात हजेरीची अट मात्र कायम आहे. बीडहून एसटीने येण्याजाण्यात दादाची मजुरी बुडते. त्यासाठी आता दुसरा अर्ज टाकलाय.