दोन की बारा? ल्योंमध्ये कानानं शिकलेलं घड्याळ

पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकातून सकाळची तेजेवे (फ्रान्सची अतिवेगवान रेल्वे) पकडली, दोनेक तासांत ल्योंला उतरले आणि मेट्रोनं क्र्वा-रूसच्या टेकडीवर पोचले, तेव्हा बाराला पाच कमी होते. किल्ली द्यायची वेळ घरमालकीणबाईंनी आदल्या दिवशी फोनवर सांगितली होती. मी बारा ऐकलं होतं. बाई आल्या दोनला. तोवर मी बॅगेवर बसून होते, आणि किल्ली हातात पडली तेव्हा आसपासच्या खानावळींची दुपारची जेवणं आटोपली होती. बेकरीतल्या पावावर भागवलं.

घोळ एका स्वराचा. फ्रेंचमध्ये दोन वाजता म्हणजे साधारण ‘दऽझर’, बारा वाजता म्हणजे ‘दूझर’. फोनवर हा फरक नवख्या कानाला पकडता येत नाही. बाईंनी दारातच समजावलं, “बारा असते तर मी मिदी म्हटलं असतं.” बोलताना दुपारचे बारा म्हणजे ‘मिदी’, रात्रीचे ‘मिन्वी’. तेव्हापासून मी ऐकलेली वेळ उलट विचारून घेते: “मिदी?” तुम्हीही विचारा, कोणी वाईट वाटून घेत नाही. सहा (‘सीझर’) आणि सोळा (‘सेझर’) यांचंही तसंच. नऊ तर चक्क रूप बदलतात: एरवी ‘नऽफ’, वाजले की ‘नऽवर’.

स्टेशनवर, तिकिटावर चोवीस तासांचं घड्याळ चालतं. अडीचची गाडी ‘कातोर्झर त्राँत’, म्हणजे चौदा तीस. बेकरीतली बाई मात्र तीच वेळ ‘दऽझर ए दमी’ सांगते, दोन आणि अर्धा. दोन्हींची सरमिसळ करू नका. चौदा म्हटलं की पुढे तीसच. आणि तेजेवेची दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, तेव्हा फलाटावर आधीच पोचा.

मला सर्वांत उपयोगी पडली ती आपली मराठी. नऊ चाळीसला ते ‘दीझर म्वँ वँ’ म्हणतात: दहाला वीस कमी! पावणेदहा म्हणजे ‘दीझर म्वँ ल कार’, दहाला पाव कमी. इंग्रजी मध्ये आणलं की डोकं गोंधळतं. आजीसारखं ‘दहाला वीस कमी’ मनात म्हणा, लगेच उमजतं. फक्त दीड-अडीचला तिथे वेगळे शब्द नाहीत.

सरावासाठी पूर्वी सुरेख सोय होती. पॅरिस वेधशाळेचं बोलतं घड्याळ १४ फेब्रुवारी १९३३ पासून फोनवर वेळ सांगायचं. १ जुलै २०२२ ला ते बंद झालं, याची मला मनापासून हळहळ वाटते. आता स्टेशनवर अर्धा तास आधी जाऊन बसा, उद्घोषणा ऐका, मग फलकावर ताडून पाहा. मी तीन दिवस हेच केलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाई म्हणाल्या, “ओंझर म्वँ ल कार.” मी विचारलं, “द्यू मातँ?” सकाळचे ना? “वी, वी.” दुसऱ्या दिवशी पावणेअकराला किल्ली त्यांच्या हातात दिली.