विझणारा सूर

बार्सिलोनात मी पियानो ट्यूनिंगचं काम करतो. कॉन्सर्टच्या आधी बहुतेकांची मागणी एकच असते: आवाज खणखणीत हवा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा. त्या दिवशी स्टुडिओत आलेल्या पियानोवादक बाईंनी वेगळंच सांगितलं. "सूर विझताना कसा ऐकू येतो, तेवढं बघा."

रेकॉर्डिंग संगीतकार फेदेरिको मोम्पोउच्या 'कान्सोन्स इ दान्सेस' म्हणजे 'गाणी आणि नाच' या पियानो-रचनांचं होतं. मोम्पोउ बार्सिलोनाचाच, जन्म 1893 चा. प्रत्येक रचनेत आधी एक संथ गाणं, मग एक नाच; बऱ्याच चाली कातालान, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतातल्या, लोकसंगीतातल्या. आठव्या रचनेतल्या गाण्यात आईनेच विष दिलेली राजकन्या अमेलिया मरताना आपलं मृत्युपत्र सांगते. गोष्ट इतकी भयंकर आणि चाल अगदी साधी! मला ते गाणं फार जवळचं आहे.

मोम्पोउचं आजोळ घंटा ओतणाऱ्यांचं. टोल पडून गेल्यावर मागे राहणारा नाद त्याने लहानपणापासून ऐकला होता, आणि त्याच्या संगीतात तो जागोजागी सापडतो. माझी खरी परीक्षा तिथेच असते. पियानोच्या मधल्या आणि वरच्या सप्तकांत एका सुराला तीन तारा असतात. त्यांत केसभर जरी फरक राहिला, तरी सूर विरताना हेलकावे खातो. भरगच्च वादनात ते कुणाला कळत नाही. इथे दोन सुरांमध्ये ऐकायला भरपूर वेळ असतो. मधल्या सप्तकातल्या एकाच सुरापाशी मी कितीतरी वेळ बसलो होतो.

मग हॅमर, म्हणजे तारांवर आघात करणारे छोटे हातोडे. त्यांच्या नमद्यात सुई टोचून तो सैल केला, पण बाजूंनीच. जिथे तारेवर आघात होतो तो भाग राखला, नाहीतर आवाज मऊ होण्याऐवजी मुका होतो. डावं पेडल दाबलं की हॅमर किंचित सरकतात आणि तीनऐवजी दोनच तारांवर पडतात, म्हणून पेडल दाबूनही सगळे सूर पुन्हा तपासले. मायक्रोफोन इतके जवळ होते की तारांचा नाद थांबवणारे डॅम्पर उचलल्याची सळसळसुद्धा हेडफोनमध्ये येत होती. तीही कमी केली.

त्या आठव्या रचनेचं गाणं उत्तम झालं. नाच सूत कातणारीच्या चालीवरचा, त्याचा आवाज मात्र बाईंना दबका वाटला. म्हणाल्या, "एवढ्यापुरते हॅमर जरा कडक करता येतील?"

मी स्पष्ट नाही म्हटलं. गाणं आणि नाच एकाच वाद्यातून यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. मी त्यांना एवढंच सुचवलं की डावं पेडल पूर्ण सोडून वाजवून बघा. त्यांनी वाजवलं, आणि तोच टेक ठेवला.